हृदय पुन्हा सुरू झाल्यानंतरचे ७२ तास: थंडोपचारात स्नायुशिथिलके कशी वापरावीत

आयसीयूच्या दाराशी उभ्या असलेल्या नातेवाइकांना आपण सहज सांगून जातो, "पेशंटला रिलॅक्संट दिलंय." सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका यंत्रमाग कामगाराच्या मुलाने हे ऐकून मला विचारले होते, "म्हणजे बाबांना आराम पडलाय ना, डॉक्टरसाहेब?" त्याची चूक नव्हती, शब्दच फसवा आहे. रिलॅक्संट म्हणजे स्नायुशिथिलक. व्हेक्युरोनियम, अ‍ॅट्राक्युरियम किंवा रोक्युरोनियम यांपैकी कोणतेही औषध आराम देत नाही, झोप आणत नाही आणि वेदनाही कमी करत नाही. मज्जातंतूकडून स्नायूकडे जाणारा निरोप ते अडवते, एवढेच त्याचे काम. हृदय बंद पडून पुन्हा सुरू झालेल्या आणि मेंदूच्या रक्षणासाठी ज्याचे तापमान आपण ताब्यात ठेवले आहे अशा रुग्णाला हे औषध फार उपयोगी पडू शकते. मात्र त्याच वेळी त्या रुग्णाला जे काही सांगायचे असते, ते सांगण्याची जवळजवळ सगळी साधनेही ते काढून घेते. सोलापुरात आणि बार्शी, पंढरपूर, अक्कलकोट, मंगळवेढा या तालुक्यांच्या गावी लहान अतिदक्षता विभागात काम करणारे तरुण डॉक्टर, सिस्टर आणि ब्रदर यांच्यासाठी मी हे लिहितो आहे. औषधांची मात्रा ठरवताना अखेरचा शब्द रुग्णाजवळ उभ्या असलेल्या तज्ज्ञाचाच राहील.

आधी तापमानाचे उद्दिष्ट ठरवा

२००२ मध्ये युरोपातील आणि ऑस्ट्रेलियातील दोन चाचण्या एकाच वेळी प्रसिद्ध झाल्या आणि हृदय बंद पडलेल्या बेशुद्ध रुग्णाला ३२ ते ३४ अंश सेल्सिअसपर्यंत थंड करण्याची पद्धत जगभर रुजली. त्या दोन्ही चाचण्यांत हुडहुडी थांबवण्यासाठी स्नायुशिथिलके दिली जात होती, युरोपात पँक्युरोनियम आणि ऑस्ट्रेलियात व्हेक्युरोनियम. म्हणजे थंडोपचार आणि हे औषध पहिल्या दिवसापासून जोडीनेच आले. पुढे २०१३ मध्ये ३३ आणि ३६ अंशांची तुलना झाली तेव्हा फरक दिसला नाही. २०२१ च्या मोठ्या चाचणीत, सुमारे १९०० रुग्णांत, ३३ अंशांपर्यंत थंड केलेल्या गटात सहा महिन्यांतील मृत्यूंचे प्रमाण ५० टक्के होते आणि केवळ ताप येऊ न दिलेल्या गटात ४८ टक्के. थंड केलेल्यांमध्ये रक्तदाब ढासळवणारे हृदयतालाचे बिघाड मात्र जास्त होते. त्यामुळे आज बहुतेक ठिकाणी रुग्ण बेशुद्ध असेपर्यंत, निदान ७२ तास, ताप ३७.७ च्या वर जाऊ द्यायचा नाही, हे किमान उद्दिष्ट धरले जाते. ज्यांचा पहिला हृदयताल शॉक देण्याजोगा नव्हता त्यांच्यात २०१९ च्या एका फ्रेंच चाचणीने ३३ अंशांचा फायदा दाखवला होता, म्हणून काही तज्ज्ञ निवडक रुग्णांत अजूनही थंड करतात.

हे आधी सांगण्याचे कारण असे की उद्दिष्ट जितके खाली, तितकी हुडहुडी जास्त आणि शिथिलक लागण्याची शक्यताही जास्त. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत बाहेर पारा ४२-४३ वर असताना रुग्णवाहिकेतून आलेला माणूस मुळातच तापलेला असतो, वातानुकूलन दुपारी कसेबसे तग धरते आणि वीज गेली की खोली पाहता पाहता गरम होते. अशा वेळी ३३ चा हट्ट धरून रुग्णाला हेलकावे खायला लावण्यापेक्षा ३६ ते ३७ या टप्प्यात तापमान स्थिर ठेवणे मला जास्त हिताचे वाटते. तापमान काखेत मोजू नका. अन्ननलिकेतील किंवा मूत्राशयातील प्रोब लावा, कारण काखेतला आकडा आणि शरीराच्या आतला आकडा यांत पडणारा फरक इथे सगळे नियोजन चुकवतो. रुग्णवाहिकेतच बर्फाळ सलाइन भराभर सोडण्याचा प्रकारही टाळावा. त्याने पुन्हा हृदय बंद पडणे आणि फुप्फुसात पाणी साचणे वाढल्याचे दिसले आहे.

हुडहुडी ओळखणे आणि शिथिलकाच्या आधीच्या पायऱ्या

शरीराचे तापमान साडेपस्तीसच्या आसपास उतरले की हुडहुडी भरू लागते. तिने शरीराचा ऑक्सिजनचा खप दुपटीने किंवा त्याहूनही वाढतो आणि ज्या मेंदूला आपण विसावा देऊ पाहतो त्याचाच वाटा कमी होतो. ती नेहमी अंगभर दिसतेच असे नाही. हाताचा तळवा रुग्णाच्या जबड्यावर, मानेवर आणि छातीवर प्रत्येकी क्षणभर ठेवा. डोळ्यांना न दिसणारी बारीक थरथर तळव्याला कळते. मॉनिटरवर ईसीजीची रेघ जाड आणि खरखरीत झाली, तर तीही हुडहुडीच असू शकते. काहीच नसेल तर ०, मान आणि छातीपुरती असेल तर १, हातही हलू लागले तर २ आणि सगळे अंग कापू लागले तर ३, असा गुण दर तासाला तक्त्यावर लिहावा.

१ गुण आला म्हणून लगेच व्हेक्युरोनियमची कुपी फोडायची नाही. पॅरासिटॅमॉल सुरू असावे. हातपाय आणि चेहरा गरम ठेवले तर धड थंड असूनही हुडहुडी कमी होते. त्वचेकडून मेंदूकडे जाणाऱ्या थंडीच्या संदेशांत या भागांचा वाटा मोठा आहे. गरम हवेचे पांघरूण नसेल, तर हातपायांभोवती आपली सोलापुरी चादर दुमडून गुंडाळावी, पोट आणि छाती मात्र उघडी ठेवावी. माझ्या युनिटमध्ये यासाठी दोन धुतलेल्या चादरी कायम कपाटात असतात. मूत्रपिंडे चालत असतील तर मॅग्नेशियम द्यावे, पण ते शिथिलकाचा परिणाम वाढवते हे पुढच्या पायरीसाठी लक्षात ठेवावे. त्यानंतर फेंटानिल (वेदनाशामक) आणि प्रोपोफॉल (गुंगीचे औषध). डेक्समेडेटोमिडीनही हुडहुडी कमी करते, पण थंडीने आधीच मंदावलेल्या हृदयाला ते आणखी मंद करू शकते. पेथिडीन हुडहुडीवर फार प्रभावी आहे, मात्र मूत्रपिंड बिघडलेल्या रुग्णात त्याचा उरलेला अंश झटके आणू शकतो. हृदय थांबून गेलेल्या रुग्णाची मूत्रपिंडे बहुधा धक्क्यात असतात, म्हणून मी ते सहसा वापरत नाही.

हे सगळे करूनही २ किंवा ३ गुण राहिला, किंवा थंड करण्याच्या सुरुवातीच्या तासांत तापमान खाली येतच नसेल, तर शिथिलकाची वेळ आली असे समजावे.

देण्याआधीची पाच मिनिटे

पहिला प्रश्न, रुग्ण खरोखर गाढ झोपेत आहे का? हाक मारून आणि वेदना देऊन काहीही प्रतिसाद येत नाही इतकी गुंगी असल्याशिवाय शिथिलक देऊ नये. जागेपणी लुळे होणे हा माणसाला देता येणारा एक भयंकर अनुभव आहे, आणि तो रुग्ण बेशुद्ध असल्याची आपली खात्री नेहमीच खरी नसते. एरवी गुंगी उतरल्याची खूण म्हणून आपण नाडी आणि रक्तदाब वाढण्याकडे पाहतो. थंड रुग्णाची नाडी मात्र मुळातच मंद असते, त्यामुळे ही खूण दबून जाते. कडेला ओघळलेले अश्रू, कपाळावरचा घाम, अचानक मोठ्या झालेल्या बाहुल्या यांकडे डोळ्यांत तेल घालून पाहावे लागते.

दुसरे, औषध देण्यापूर्वी मेंदूची तपासणी करून लिहून ठेवा: डोळ्यांच्या बाहुल्या, पापणीची उघडझाप, वेदनेला हाताचा प्रतिसाद, आपसूक श्वास, कुठे झटके दिसतात का. पुढचे काही तास ही माहिती पुन्हा मिळणार नाही. एक गोष्ट मात्र तशीच उरते: बाहुलीचा प्रकाशाला मिळणारा प्रतिसाद. बुबुळातले स्नायू वेगळ्या प्रकारचे असल्याने या औषधाने ते थांबत नाहीत. शिथिलक चालू असतानाही दर तासाला टॉर्च मारून बाहुल्या पाहाव्यात. त्या विस्फारून स्थिर झाल्या तर दोष औषधावर ढकलून मोकळे होऊ नये. पापणी मिटणे मात्र औषधाने थांबतेच, म्हणून डोळ्याला कापूस लावून केलेल्या तपासणीचा या काळात काहीच अर्थ लावता येत नाही.

तिसरे, डोळ्यांत मलम घालून पापण्या हलक्या टेपने मिटवा. अँबू बॅग (हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी) हाताच्या अंतरावर ठेवा. व्हेंटिलेटरचा डिस्कनेक्शन अलार्म चालू आहे हे स्वतःच्या कानाने ऐका. नळी सुटली तर हा रुग्ण एकही श्वास स्वतः घेणार नाही.

कोणते औषध, किती, आणि थंडीने काय बदलते

आपल्याकडे सहज मिळणारी तीन औषधे म्हणजे व्हेक्युरोनियम, अ‍ॅट्राक्युरियम आणि रोक्युरोनियम. व्हेक्युरोनियम यकृत आणि मूत्रपिंडांवर अवलंबून असते. मूत्रपिंडे बंद पडली तर त्याचा एक क्रियाशील अंश शरीरात साचत राहतो. अ‍ॅट्राक्युरियम शरीराच्या नेहमीच्या तापमानात आणि रक्ताच्या नेहमीच्या पीएचमध्ये आपोआप विघटित होते, म्हणून यकृत-मूत्रपिंड बिघडलेल्या रुग्णात ते सोयीचे. पण तेच तापमान कमी केल्यावर विघटनही मंदावते, हे विसरून चालत नाही. रोक्युरोनियमची सोय अशी की सुगमाडेक्स हाताशी असेल तर त्याचा परिणाम लगेच उलटवता येतो.

थंडीचा परिणाम किती मोठा असतो? शरीराचे तापमान २ अंशांनी उतरले तर व्हेक्युरोनियमचा परिणाम टिकण्याचा काळ दुपटीहून जास्त होतो. थंड रुग्णात प्रोपोफॉल आणि मिडाझोलामही रक्तात जास्त काळ राहतात. म्हणून पुस्तकातली नेहमीची मात्रा ही वरची मर्यादा समजून खालच्या टोकापासून सुरुवात करावी. व्हेक्युरोनियम एकदाच द्यायचे तर किलोमागे ०.०८ ते ०.१ मिलिग्रॅम. पंपावर सुरू करायचे तर किलोमागे दर मिनिटाला ०.८ मायक्रोग्रॅमपासून. ६० किलोच्या माणसाला हे मिनिटाला ४८ मायक्रोग्रॅम, म्हणजे तासाला सुमारे २.९ मिलिग्रॅम होते. ५० मिलीच्या सिरिंजमध्ये ५० मिलिग्रॅम भरले असेल तर पंप तासाला २.९ मिलीवर लावायचा. हे गणित दोघांनी स्वतंत्रपणे करावे आणि सिरिंजवर ठळक लाल लेबल लावावे. अ‍ॅट्राक्युरियम आणि रोक्युरोनियम फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत ठेवावे लागते. आपल्या उन्हाळ्यात वीज गेल्यावर फ्रिज किती वेळ बंद राहिला याची नोंद ठेवणे हेही रुग्णसेवेचाच भाग आहे.

बोलस (एका वेळी एक मात्रा) द्यावे की पंप लावून औषध सलग चालवावे यावर एकमत नाही. २०१७ च्या एका लहान पण काटेकोर चाचणीत, ६३ रुग्णांत, रोक्युरोनियम सलग चालवलेल्यांपैकी २५ टक्क्यांना हुडहुडी भरली, तर लागेल तसे बोलस दिलेल्यांपैकी ९४ टक्क्यांना. सलग दिलेल्यांना गुंगीची औषधेही कमी लागली. त्याआधी, २०१३ मध्ये, चार रुग्णालयांच्या नोंदींवरून असे दिसले होते की सलग २४ तास शिथिलक मिळालेले रुग्ण जास्त संख्येने जगले. पण असे रुग्ण अवघे १८ होते आणि औषध कोणाला द्यायचे हे चिठ्ठ्या टाकून ठरवलेले नव्हते. पुढे २०२० मध्ये चिठ्ठ्या टाकून झालेल्या चाचणीत रोक्युरोनियमने रक्तातील लॅक्टेट (पेशींना ऑक्सिजन कमी पडल्यावर वाढणारे आम्ल) अधिक वेगाने उतरले नाही. म्हणून शिथिलकाने रुग्ण वाचतो असे आपण नातेवाइकांना सांगू शकत नाही. हुडहुडी थांबते आणि तापमान ताब्यात येते, एवढेच खात्रीने सांगता येते. माझे मत असे की जिथे सलग ईईजी (मेंदूतील विद्युत तरंगांची नोंद) नाही, आणि आपल्या जिल्ह्यात बहुतेक ठिकाणी ते नाही, तिथे बोलसवर भागवावे. पंप लावायचाच तर तो थंड करण्याच्या टप्प्यापुरता, काही तासांचा असावा.

याचे कारण झटके. हृदय बंद पडून गेलेल्या बेशुद्ध रुग्णांत झटके येणे किंवा ईईजीवर झटक्यांचे तरंग दिसणे दुर्मीळ नाही. शिथिलक चालू असताना हातपाय शांत असतात आणि मेंदूत मात्र वणवा चालू राहू शकतो. ईईजी नसेल तर ठरावीक तासांनी औषध थांबवून, हालचाल परत येऊ देऊन रुग्णाकडे नीट पाहा. झटका दिसला तर आधी झटक्याचा उपचार करा.

एक बदल हमखास राहून जातो. हुडहुडी थांबली आणि शरीर थंड झाले की शरीरात तयार होणारा कार्बन डायऑक्साइडही कमी होतो. व्हेंटिलेटर मात्र आधीच्याच वेगाने चालत राहतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड खाली जातो, मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि ज्याच्यासाठी सगळा खटाटोप त्या मेंदूलाच रक्त कमी पडते. शिथिलक दिल्यावर अर्ध्या तासात एबीजी (धमनीतल्या रक्तातील वायूंची तपासणी) करा आणि कार्बन डायऑक्साइड ३५ ते ४५ मिमी मर्क्युरीमध्ये राहील असा व्हेंटिलेटर लावा.

अंगठ्याकडे पाहणे

नर्व्ह स्टिम्युलेटर हे मज्जातंतूला विजेचे सौम्य धक्के देऊन शिथिलकाचा अंमल मोजणारे, खिशात मावणारे यंत्र आहे, तरी अनेक ठिकाणी ते कपाटात धूळ खात पडलेले असते. मनगटाच्या घडीपासून दोन बोटे वर, करंगळीच्या बाजूला, एक इलेक्ट्रोड लावायचा आणि दुसरा त्याच्या वर. काळी तार मनगटाकडे. यंत्र अर्ध्या-अर्ध्या सेकंदाने चार धक्के देते आणि आपण अंगठा हाताच्या आत किती वेळा ओढला जातो ते मोजायचे. औषध देण्यापूर्वी एकदा मोजावे, म्हणजे आपल्या रुग्णाचा अंगठा मुळात किती जोराने हलतो ते कळते. औषध चालू असताना चारपैकी एक किंवा दोन हालचाली दिसल्या म्हणजे मात्रा बरोबर. एकही नसेल तर पंप थांबवा. तीन-चार दिसल्या आणि हुडहुडी नसेल तर मात्रा वाढवू नका, कदाचित औषधाची गरजच संपली असेल. हात अतिशय थंड किंवा सुजलेला असेल तर आकडा फसवा येतो, म्हणून चाचणी घ्यायचा तो हात चादरीत गुंडाळलेलाच ठेवावा.

हे मी एवढे विस्ताराने लिहितो आहे त्याला एक प्रसंग कारण आहे. काही वर्षांपूर्वी एका रुग्णालयात मला मत देण्यासाठी बोलावले होते. रुग्णाला पुन्हा ऊब देऊन दिवस उलटला होता. वेदनेला प्रतिसाद नाही, पापणी मिटत नाही, श्वास नाही, आणि घरच्यांना आशा सोडा असे सांगून झाले होते. फाइलमध्ये व्हेक्युरोनियमचा पंप सकाळीच बंद केल्याची नोंद होती, लघवी जवळजवळ बंद होती आणि अंगठा कोणी पाहिला नव्हता. मी इलेक्ट्रोड लावले. चार धक्के गेले, अंगठा जागचा हलला नाही. औषध अजून पूर्ण अमलात होते. आम्ही गुंगी पुन्हा सुरू केली, नातेवाइकांना खाली बसवून खरे काय ते सांगितले आणि थांबलो. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या धक्क्याला अंगठा किंचित आत ओढला गेला, मग दोनदा, संध्याकाळी चारदा. त्यानंतर गुंगी उतरवली तेव्हा रुग्णाने पत्नीच्या आवाजाकडे डोळे फिरवले.

परत ऊब देणे आणि औषध उतरवणे

थंड केलेल्या रुग्णाला तासाला ०.२५ ते ०.५ अंश या गतीनेच वर आणावे. थंड करताना पेशींत गेलेले पोटॅशियम आता रक्तात परतते, म्हणून थंडीच्या काळात ते जास्त भरून ठेवलेले नसावे. ३४ ते ३६ च्या मध्ये हुडहुडी पुन्हा डोके वर काढते. तेव्हा आधी चादर, पॅरासिटॅमॉल आणि फेंटानिल, आणि मगच गरज पडली तर एखादा बोलस.

क्रम कधीही उलटा करू नये: आधी शिथिलक बंद, मग अंगठ्याच्या चारही हालचाली सारख्या जोराने परत आल्याची खात्री, आणि त्यानंतरच गुंगीचे औषध कमी करायचे. नुसत्या डोळ्यांना चार हालचाली सारख्या दिसल्या तरी थोडा अंमल उरलेला असू शकतो. मोजणारे यंत्र असेल तर चौथ्या आणि पहिल्या हालचालीचे गुणोत्तर ०.९ च्या वर हवे. निओस्टिग्मीन (शिथिलकाचा अंमल उतरवणारे औषध) द्यायचे तर चारही हालचाली परतल्यावर, ग्लायकोपायरोलेटसोबत. एकही हालचाल नसताना ते देऊन काही साधत नाही.

निदान आणि निकाल

रुग्ण कितपत सावरेल याचा निर्णय हृदय सुरू झाल्यापासून ७२ तासांच्या आत करू नये, आणि गुंगी किंवा शिथिलक उरले असेल तर त्याहूनही उशिरा करावा. एकाच खुणेवर विसंबू नये. दोन्ही बाहुल्या प्रकाशाला न हलणे, पापणीचा प्रतिसाद नसणे, ईईजी, मेंदूचे सीटी किंवा एमआरआय यांपैकी किमान दोन गोष्टी एकाच दिशेने बोलायला हव्यात. वेदनेला हात न हलणे ही यांतली सगळ्यात कच्ची खूण, कारण उरलेले शिथिलक तिला सर्वांत आधी खोटे पाडते.

गुंगी उतरवताना रुग्णाला त्याच्या घरच्या भाषेत हाक मारली जावी. सोलापुरात ही बारीकशी गोष्ट नाही. कितीतरी घरांत मराठीआधी तेलुगू किंवा कन्नड बोलली जाते आणि आपण "काका, डोळे उघडा" म्हणत राहतो. मुलीला किंवा पत्नीला आत बोलावून तिच्याकडून हाक मारून घ्या आणि मगच प्रतिसाद नाही असे लिहा.

शुद्धीवर आलेल्या रुग्णात हातापायांची ताकद कमी असणे सामान्य आहे. बेशुद्धी, जंतुसंसर्ग, स्टिरॉइड आणि दीर्घकाळ शिथिलक यांमुळे ती वाढते. पहिल्याच आठवड्यात खांदा, कोपर, मनगट, नितंब, गुडघा आणि घोट्याची ताकद मोजून लिहावी, फिजिओथेरपी अंथरुणावरच सुरू करावी, आणि डिस्चार्ज कार्डवर कोणते शिथिलक किती तास दिले ते ठळकपणे नमूद करावे. तीन महिन्यांनी हा माणूस मागावर उभा राहू शकत नाही म्हणून दुसऱ्या डॉक्टरकडे जाईल, तेव्हा ती एक ओळ त्याच्या कामी येईल.